वापसीचा बाण

तायड्यांच्या घरी पाहुणा आला की दारातच त्याला पहिला प्रश्न यायचा, "वापस कसे जासान?" बसा म्हणणं नंतर, पाणी त्याच्याही नंतर. नवख्या माणसाला वाटावं, हा आपल्याला वाटेला लावतोय. माझ्या बायकोला तसंच वाटलं होतं. आम्ही एकदाच त्यांच्या भातकुलीच्या घरी जेवायला गेलो होतो. परतताना ती म्हणाली, "आल्याबरोबर जायचं विचारतात. ही कोणती रीत?" मी म्हणालो, "तसेच आहेत ते." आणि मला बरं वाटलं. तायड्यांबद्दल कुणी थोडंसं वाकडं बोललं की त्या काळात मला बरं वाटायचं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

मी अकोल्याचा. नोकरी अमरावतीला, वाहतुकीच्या नियोजनाच्या कचेरीत. कुठल्या गावाला कुठून गाडी जावी, कुठं थांबावी, यात्रेच्या दिवशी रस्ता कुठं वळवावा, असली कामं. रोज गाडीनं जाणं-येणं. तायडे माझ्या हाताखाली होते, वयानं मात्र दोन वर्षांनी मोठे. इथं मी त्यांना अहो-जाहो करतोय. कचेरीत 'तायडे, इकडे ये' असं म्हणायचो. ते मला 'साहेब' म्हणायचे, आणि वाक्याच्या शेवटी 'जी' लावायचे. कचेरीच्या चहाला कुणी त्यांच्या नोकरीबद्दल ते राखीव जागेचं ठरलेलं वाक्य बोललं, की मी हसायचो नाही. पण उठूनही जायचो नाही.

अंगानं किडकिडीत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात रबर लावलेली छोटी डायरी आणि दोन्ही बाजूंनी टोक केलेली पेन्सिल. एक टोक बोथट झालं की लिहिणं न थांबवता दुसरं वापरता येतं, हे त्यांचं कारण. बसमध्ये कायम दाराजवळच्या सीटवर बसणार, कोण चढलं कोण उतरलं ते बघत. गाडी सुटली की घड्याळ पाहून वेळ डायरीत टिपणार, मग ती गाडी त्यांची असो की दुसऱ्याची. मूर्तिजापूरची छोटी गाडी बंद झाली तेव्हा आम्ही सगळे त्या इंजिनाबद्दल हळहळत होतो. तायडे म्हणाले, "इंजिनाचं काय घेऊन बसले? त्या लाइनीवर दिलेल्या पोरी माहेरी येनं बंद झाल्या, ते पाहा ना."

त्यांचं सगळं वेगळेपण नकाशावर दिसायचं. आम्ही सारे शहराकडून ठिकाणाकडे बाण काढतो. माणूस इथून निघाला, तिथं पोहोचला. तायडे ठिकाणाकडून घराकडे बाण काढायचे. पहिल्यांदा मी झापलं.

"तायडे, बाण उलटे आहेत."

"नाही जी साहेब, बराबर हायेत."

"कसे काय बरोबर?"

"जानारा कसाही जाते. कोनाच्या सायकलवर बसून जाते, ट्रकमधी उभं राहून जाते. हौस असते ना. सवाल वापसीचा असते. तवा हौस संपली असते, पाय दुखते, अन् गाडी नसते."

मी ते बाण खोडून सरळ करायला लावले. त्यांनी केले. पुढच्या नकाशात पुन्हा उलटे.

मग ते बेटाचं काम आलं. धरणाचं नाव लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यातलंच, आडबाजूचं. पाण्याच्या मधोमध झाडीनं भरलेलं एक बेट, त्यावर पक्ष्यांचा मुक्काम. तिथं निसर्ग उद्यान करायचं ठरलं. उद्यानात एकही वाहन जाणार नाही, माणसं बोटीनं जातील आणि पायी फिरतील. अमरावती-अकोल्याहून माणसं धरणापर्यंत कशी येतील, गाड्या कुठं उभ्या राहतील, बोटीचा धक्का कुठं, बोटी किती वाजता, हा सगळा आराखडा माझ्याकडे आला. बावीस वर्षांच्या नोकरीत असलं देखणं काम पहिल्यांदा हाती आलं होतं. मला वाटलं, हे आपलं.

'बेट' हा शब्द ऐकला की तायडे मान हलवायचे. "बेट कशाचं जी? टेकडी होय ते. पानी आलं म्हनून बेट." धरणाखाली गेलेली जुनी बोरखेडी हे त्यांच्या मामाचं गाव. टेकडीच्या पायथ्याशी होतं. गाव उठून काठावर नवी बोरखेडी झाली आणि टेकडी पाण्यात एकटी राहिली.

प्रवासी कुठून येतील याचा अंदाज घ्यायला मी तायड्यांना नव्या बोरखेडीच्या फाट्यावर बसवलं. तीन दिवस ते निंबाखालच्या बाकावर बसून होते. एक दिवस मीही गेलो होतो. एक म्हातारी पिशवी घेऊन बसची वाट पाहत होती. तायड्यांनी डायरी उघडली.

"माय, वापस कशी येशीन?"

"कावून? तुले काय करा लागते?"

"लिहून घ्या लागते. सरकारी काम हाये."

"सरकारले माह्या वापसीचं काय पडलं रे बाप्पा? लिही मंग. लेकाकडे चालली. सुनेनं ठेवलं तं राहीन आठ दिवस. नाही तं उद्याच्या पयल्या गाडीनं हजर."

तायड्यांनी 'परतीची वेळ' या रकान्यात लिहिलं, 'सुनेवर अवलंबून.'

कचेरीत हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तक्त्यातून ती ओळ काढून टाकली.

आराखडा दाखवायची बैठक झाली तेव्हा मुंबईहून मोठे साहेब आले होते. मी रंगीत पानांचा अल्बम केला होता. धक्का, वाहनतळ, तिकीटघर, सगळं एका रेषेत. तायडे मागच्या भिंतीशी, फायली घेऊन उभे. साहेबांनी विचारलं, "शेवटची बोट किती वाजता?"

"साडेपाच, सर," मी म्हणालो.

मागून आवाज आला, "चार."

सगळ्या माना वळल्या. तायडे दचकले, पण मागं हटले नाहीत. म्हणाले, "साडेपाचच्या बोटीतला मानूस उतरून फाट्यावर येते सहाले. अमरावतीची शेवटची गाडी सव्वापाचले निंघून जाते. अकोलेवाला तं त्याच्याही आंधी अटकला."

"मग गाडीची वेळ बदलून घेऊ," साहेब म्हणाले.

"घ्या जी. पन त्या गाडीत पुढच्या खेड्यांतल्या शाळेच्या पोरी असते. त्याईले घरी जाले अंधार होईन."

साहेबांनी माझा अल्बम मिटला. रागानं नाही, सहज, जेवण झाल्यावर ताट सरकवावं तसा. म्हणाले, "तुमची ती डायरी बघू." आणि अर्धा तास ते डायरी वाचत बसले. 'सुनेवर अवलंबून' पाशी आले तेव्हा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "हे तक्त्यात का नाही?" जाताना त्यांनी तायड्यांना विचारलं, "तुम्ही कुठं बसता?"

"बाहीर जी. जिन्यापाशी."

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची आत आली, खिडकीजवळ, माझ्या बरोबर समोर.

हेवा मी पूर्वीही केला असेल. दुसऱ्याच्या बढतीचा, दुसऱ्याच्या मुलाच्या मार्कांचा. तो येतो नि जातो. हा समोर खुर्ची टाकून बसला. पेन्सिल तासल्याचा आवाज आला तरी माझं लक्ष उडायचं. मोठे साहेब फोनवर विचारायचे, "काय म्हणतात तुमचे वापसीवाले?" आणि मी "आमचे तायडे ना, मजेत" असं म्हणायचो. 'आमचे' वर जोर द्यायचो, म्हणजे त्यातलं थोडं माझ्याकडे यावं.

त्या वर्षी मे महिन्यात तायडे म्हणाले, "साहेब, एक डाव टेकडी पाहून घ्या उन्हाळ्याची." आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. धरणाचं पाणी इतकं मागं गेलं होतं की मी नकाशावर जिथं धक्का दाखवला होता तिथं उभं राहून पाणी लांब, चमकणाऱ्या पट्टीसारखं दिसत होतं. मध्ये सगळी काळी माती. वरून वाळून भेगाळलेली, आत लोण्यासारखी. मी भरलेल्या धरणाचा नकाशा घेऊन काम केलं होतं. कचेरीत तोच असतो.

तायडे मला उजवीकडे घेऊन गेले. तिथं चिखलातून एक सडक वर आली होती. दगड बसवलेली, खडीची, दोन्ही बाजूंना निंबाचे काळे पडलेले बुंधे. ती उतरत उतरत सरळ पाण्यात गेली होती. तायड्यांनी चपला हातात घेतल्या आणि त्या सडकेवरून चालू लागले.

"आमच्या मामाच्या गावची सडक हे. इथं पार होता. इथं आटाचक्की. पुढं सडक वळते अन् टेकडीवर चढते, तिकूनबी अशीच निंघते पान्यातून." घोटाभर पाण्यात ते उभे राहिले. "धक्का बांधाचं कामच नाही साहेब. बोट या सडकेले लावा, इकून अन् तिकून. पानी कितीबी मांगं जाऊ द्या, सडक त्याच्या मांगं मांगं जाते."

मी पँट दुमडून काठावर उभा होतो. त्यांचं म्हणणं मला तत्काळ पटलं. एवढं साधं, एवढं स्वस्त, बाराही महिने चालेल असं काही मला आयुष्यात सुचलं नव्हतं. आणि ते सुचायला तायड्यांना काहीच करावं लागलं नव्हतं, ते मामाकडे सुट्टीला जात होते एवढंच. परतीच्या गाडीत मी झोपल्याचं सोंग घेतलं.

आठवड्यात त्यांनी एक मोठा कागद आणून दिला. वर सुंदर अक्षरात 'उन्हाळ्याचा नकाशा'. सडक, उतार, पाण्याच्या महिनावार रेषा. आणि ते उलटे बाण, टेकडीकडून घराकडे. पुढं पाठवायला माझी सही हवी होती.

तीन दिवस तो कागद माझ्या टेबलावर होता. चौथ्या दिवशी मी त्याच्या पाठीवर लिहिलं, 'सदर सूचना वैयक्तिक जिव्हाळ्यातून आलेली दिसते. दप्तरी दाखल.' खाली सही. कचेरीत न राहिलेल्यांसाठी सांगतो, दप्तरी दाखल म्हणजे विषय संपला. पण मी तो दप्तरीही दाखल केला नाही. घडी घालून पिशवीत टाकला आणि अकोल्याला घरी नेऊन कपाटाच्या खणात ठेवला. तायड्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, "वर आहे."

धक्का माझ्या जागी झाला. पावसाळ्यानंतर उद्यान उघडलं, हिवाळाभर गर्दी झाली. तिथल्या वाहतुकीवर देखरेख तायड्यांकडे होती. उन्हाळा लागला, पाणी हटू लागलं, तसे ते रोज फोन करायचे. मी फळ्या टाकायला सांगितलं.

एप्रिल सरताना एका रविवारी अकोल्याहून बायकांची एक भिशी सहलीला आली. सकाळी वाळलेल्या पापुद्र्यावर टाकलेल्या फळ्यांवरून त्या बोटीत चढल्या. दुपारी परत आल्या तोवर येण्याजाण्यानं पापुद्रा फुटला होता. पहिलीच बाई उतरली ती फळी सरकून मांडीपर्यंत काळ्या मातीत गेली. वजन एका पायावर आलं आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका. वर टळटळीत ऊन, बोटीत वीस बायका, काठ दिसतोय आणि उतरता येत नाही.

तायड्यांनी बोट फिरवली. जुन्या सडकेला नेऊन लावली. नव्या बोरखेडीतून ट्रॅक्टर मागवून ट्रॉली सडकेवरून पाण्यापर्यंत उतरवली. बाईंना बाजेवर घेतलं. प्रत्येकीचं नाव डायरीत लिहून, उतरली की त्यापुढं खूण. ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी उतरले. हे मला बोटवाल्यानं सांगितलं. मी त्या दिवशी घरी होतो.

चौकशीला दोन अधिकारी आले. कागदावर जबाबदार माणूस तायडे.

"उन्हाळ्यात पाणी मागं जातं, हे लक्षात आलं नव्हतं का?"

"आलं होतं जी. नकाशा देल्ला होता."

"कुठं आहे?"

फायलीत नव्हता. तायड्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आरोप नव्हता. आता साहेब सांगतील, अशी साधी खात्री होती. अधिकाऱ्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "फाइल पाहावी लागेल."

फाइल टेबलावरच होती.

त्यांची बदली तेल्हाऱ्याला झाली, बढती थांबली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटून माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता विचारतील. म्हणाले, "साहेब, तुमची सातची पॅसेंजर पुढच्या महिन्यापासून अर्धा घंटा उशिरा सुटनार हाये. पाहून ठेवा." आणि गेले.

याच्यापुढचं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या पावसाळ्यात वरून पत्र आलं, सुधारित आराखडा पाठवा. मी खणातून कागद काढला, त्यावर ट्रेसिंग ठेवलं आणि गिरवला. अक्षर माझं, सही माझी. बोटी जुन्या सडकेला लागू लागल्या. आजही लागतात, भर मे महिन्यातसुद्धा. मोठ्या साहेबांनी मला अभिनंदनाचं पत्र दिलं. पत्रात एक ओळ होती, 'स्थानिक परिस्थितीची आपली जाण कौतुकास्पद आहे.'

उद्यानाच्या दारात नकाशाचा मोठा फलक लागला तेव्हा मला दिसलं. मी बाणही गिरवले होते. सगळे उलटे. लोक त्याच्यासमोर उभे राहून हसतात, "आताशी आलो तर हा घरी जा म्हणतो," आणि फोटो काढतात. बदलायला सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मुळात असे आले कसे. तसेच राहिले.

त्या शिक्षिका बाई माझ्या गल्लीत राहतात. हे मला नंतर कळलं. काठी टेकत दूध आणायला जातात. मी दिसलो की थांबून विचारतात, "बरे आहात ना?" मला गल्लीच्या दुसऱ्या टोकानं जायची सवय लागली.

यंदा दिवाळीनंतर मी तेल्हाऱ्याला गेलो. निरोप न देता. कापसाच्या ट्रॅक्टरांमागून रखडत बस दोनला पोहोचली. तायडे निवृत्त होऊन तिथंच राहिलेत, बाजाराजवळ दोन खोल्यांत. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झालेत. मला पाहिलं.

"वापस कसे जासान?"

"ठरवलं नाही."

"असं कसं? पावनेपाचची धरा, थेट हाये. त्याच्यानंतरची भरवशाची नाही. या, बसा."

मंदावहिनींनी चहा केला, मग शेंगांची चटणी-भाकरी. मी रस्त्यांबद्दल बोललो, साखरेबद्दल बोललो, माझा गुडघा सोडून सगळ्या तब्येतीबद्दल बोललो. पिशवी मांडीवरच होती. तायड्यांनी घड्याळ पाहिलं.

"साहेब, पंचवीस मिनिटं राहिले. स्टँडवर जाले आठ लागते. बोला आता, काय बोलाले आले ते."

मी कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी घडी उलगडली, स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"नकाशाचं? हो ना. मंदाले घेऊन गेलो होतो टेकडीवर. फलक पाह्यला. ते म्हने, अहो, हे बान तं आपल्या घरचे होय."

वहिनी आतून म्हणाल्या, "मी म्हटलं, जाऊन भांडा. तं म्हने, आंधी चारची बोट गाठू."

तायडे हसले नाहीत. त्यांनी कागद उलटा केला होता. मागची ओळ ते पहिल्यांदा वाचत होते. दोनदा वाचली. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं समोर बसून पाहिला होता, पण तसा कधी पाहिला नव्हता.

"हे मालूम नोतं," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. टेबलावरचे तीन दिवस, खण, ट्रेसिंग, चौकशीतली फाइल. का, तेही सांगितलं. मला तुमचा हेवा वाटत होता, असं मोठ्यानं म्हणालो. कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "जिव्हाळा लिहिला, ते बराबर हाये. होताच. पन वैयक्तिक कावून लिहिलं? माह्या एकट्या मामाची होती का ते सडक? साऱ्या गावानं दगड वाहून बांधली होती. सारं गाव तिच्यावरून गेलं." त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, मग परत ठेवली. "पेन हाये ना? हा शब्द खोडा."

मी 'वैयक्तिक' खोडला.

"सही करा. तारीख टाका."

केली. टाकली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि डायरीत ठेवली.

"अन् मास्तरीनबाईले सांगतलं?"

"कुणाला?"

"पाय मोडला त्याईले. तुमच्याच गल्लीत राह्यते ना? दिवाळीले फोन करते मले दरसाल."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मंग मले सांगून काय फायदा जी? मी तं त्या दिवशी साबूत वापस आलो." ते उठले. "चाला, गाडी लागली असन."

स्टँडवर त्यांनी मला दाराजवळची सीट धरून दिली. माझा गुडघा त्यांच्या लक्षात आला होता. मग खाली उतरून कंडक्टरला गाठलं. ओळखीचा दिसत होता.

"बापू, साहेबांले अकोल्याच्या स्टँडवर नको नेऊ. गुडघा दुखते त्याईचा. चौकात गल्लीच्या तोंडाशी उतरव, दुधाच्या डेअरीजवळ."

"थांबा नाही काका तिथं."

"मालूम हाये मले थांबा नाही. उतरव."

डेअरीच्या बाजूनं गल्लीत शिरलं की तिसरं दार बाईंचं. माझं घर त्याच्या पुढं. इतकी वर्षं मी दुसऱ्या टोकानं जातो, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

गाडी हलली. खिडकीतून वळून पाहिलं तेव्हा तायडे कापसाच्या ट्रॅक्टरच्या बाजूला उभे होते. रागावलेले होते की नाही, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. मला खरं सांगायचं तर तेव्हाही त्यांचा हेवाच वाटला. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिलं, डायरीचं रबर काढलं आणि मान खाली घालून माझी गाडी सुटल्याची वेळ लिहायला लागले.